दोन्ही हात टेबलावर

पेर्लिता माकाराएग मुलाखतीला आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. तो बोलत असला की ती मान डोलवायची, मधूनच "हं, पुढे" म्हणायची, पण डोळे खिळलेले असायचे त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीवर. मनिलातल्या ओर्तिगासच्या त्या ऑफिसात तिची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. तिची पाठ वळली की पोरं करंगळ्या नाचवून तिची नक्कल करायची. ते तिलाही ठाऊक होतं. "नाचवा, नाचवा," ती म्हणायची, "तुमच्या करंगळ्यांत दम नाही म्हणून तर मला बाहेरून माणसं शोधावी लागतात."

करंगळीचं कारण असं, की पेर्लिताच्या माणसांचं काम मेनफ्रेमवर चाले. मेनफ्रेम म्हणजे जुन्या जमान्यातला अवाढव्य संगणक. तो मनिलात नव्हताच, समुद्रापलीकडच्या एका विमा कंपनीच्या तळघरात होता, आणि इथे बसून पाच माणसं त्याला हाकायची. कुणाचा हप्ता आला, कुणाची पेन्शन निघाली, कुणाच्या बायकोला नवऱ्यामागे पैसे गेले, हे सगळं ठरल्या क्रमाने करवून घेणारे शेकडो छोटे प्रोग्राम होते, आणि ते होते रेक्स नावाच्या जुन्या भाषेत. ती भाषा आता कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. ज्यांना येते त्यांचे केस पिकलेत.

जुन्या टर्मिनलवर 'पाठव' म्हणायचं बटण अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, करंगळीखाली असे. आजच्या कीबोर्डावर त्या जागी कंट्रोल असतं, पण मेनफ्रेमवाले अजून तेच दाबून ओळ पाठवतात. वर्षानुवर्षं दाबून करंगळीला अशी सवय लागते की माणूस दुसऱ्याच कुठल्या संगणकावर बसला तरी ती आपली कोपऱ्याकडे धावते. पेर्लिताने यातूनच आपली कसोटी काढली होती. उमेदवाराला ती साधा कीबोर्ड द्यायची, आणि पडद्यावर असं काही उघडून ठेवायची की तिथे कंट्रोल दाबून काहीच होऊ नये. खरा माणूस पहिल्याच ओळीला करंगळी कोपऱ्यात दाबायचा, काही होत नाही बघून चमकायचा आणि ओशाळून हसायचा. ती चूक दिसली की पेर्लिताचा जीव भांड्यात पडायचा. पुस्तकं घोकून आलेला माणूस ही चूक करूच शकत नाही. तो सरळ एंटर दाबतो.

ही नजर तिला बापाकडून आली होती. मनिलाजवळच्या मारिकिनात तो जोडे शिवायचा, आणि गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी टाचा बघायचा. "तोंड काय, रविवारी चर्चला जाताना धुऊन नेतात लोक," तो म्हणायचा, "टाच कोण धुतंय?" कॉलेज अर्ध्यावर सोडून पेर्लिता एका बँकेच्या संगणक-खोलीत लागली. ती खोली इतकी गार, की बाहेर मे महिन्याचं ऊन रटरटत असताना आतली माणसं स्वेटर घालून बसायची. पुढे ती बँक दुसऱ्या बँकेने गिळली, खोलीही गेली, स्वेटर मात्र तिच्या अंगावर राहिला. नवरा जहाजावर, वर्षातून एकदा उगवणारा. लेक लग्न होऊन दूर सेबू बेटावर. घरी एक मांजर, तेही शेजारणीकडे जास्त रमणारं. ऑफिस बंद पडलं तर सकाळी उठून आपण जायचं कुठे, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

आणि ऑफिस बंद पडायची वेळ आली होती, तीही तिच्याच एका चुकीने.

गेल्या वर्षी एका माणसाची मुलाखत तिने व्हिडिओवर घेतली. व्हिडिओवर करंगळी दिसत नाही. गडी असा काही बोलला, असा काही बोलला, की पेर्लिता भुलली. नंतर कळलं की उत्तरं देणारा दुसराच कुणी होता. याच्या कानात यंत्र होतं आणि हा पोपटासारखं ऐकलेलं म्हणत होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या महाभागाने लिहिलेल्या एका प्रोग्रामला एके दिवशी रिकामी फाइल मिळाली, आणि ओरडून थांबायचं सोडून तो गपचूप "झालं" म्हणून मोकळा झाला. समुद्रापलीकडे कित्येक म्हाताऱ्यांची पेन्शन त्या महिन्यात निघालीच नाही. तिकडच्या तक्रारींतला एक फोन साहेबांनी मुद्दाम सगळ्यांना ऐकवला. एक म्हातारी हळू आवाजात विचारत होती की माझं काही चुकलं का. पेर्लिता बाथरूममध्ये जाऊन रडली.

साहेब, म्हणजे सर तेओ, त्या दिवशी फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅम पेर्ली, असा आणखी एक आणलात, तर त्याच्याबरोबर तुमचीही खुर्ची जाईल." आता वरून फर्मान आलं होतं की त्या भामट्याची रिकामी झालेली जागा शुक्रवारपर्यंत भरा, नाहीतर सगळं काम दुसऱ्या देशात जाईल. भलता माणूस घेतला तर पेर्लिता जाणार, कुणीच नाही घेतला तर पाचही जणं जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आज शुक्रवार उजाडला होता.

आठवडाभर जे आले ते एकाहून एक नग. एक जण प्रत्येक प्रश्नाला "मी पटकन शिकतो, मॅम" एवढंच म्हणत होता. दुसरा बराच वेळ छान बोलला, पण बघावं तेव्हा खाली मान घालून, जणू मांडीशीच नवस बोलतोय. पेर्लिताने वाकून बघितलं तर मांडीवर फोन, आणि फोनवर उत्तरं. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, आता ताकही फुंकून पीत होती. मुलाखत फक्त समोरासमोर, आणि आधी कान बघायचे, मग मांडी.

"मॅम पेर्ली, शेवटचा आलाय," झारिना दारातून म्हणाली. भरतीचं काम बघणारी ही पोर सव्वीस वर्षांची, जिभेची तिखट, पण पेर्लितावर जीव असलेली. "पण आधीच सांगते, मला काही तो बरोबर वाटत नाही."

"का गं? शिंगं आहेत?"

"फोनवर एकेका प्रश्नाला एवढा थांबायचा ना, मला वाटायचं लाइन गेली. मागून कुणीतरी सांगत असणार. मधली दोन वर्षं काय केलं विचारलं तर म्हणे घरगुती कारण. आणि आज बायकोला घेऊन आलाय. मुलाखतीला कुणी बायको आणतं?"

"माझा नवरा जमिनीवर असता तर मीही आणला असता, पिशवी धरायला," पेर्लिता म्हणाली. पण तिला हसू आलं नाही. स्वेटरच्या खिशात सान्तो निन्योचं, म्हणजे बाळ येशूचं, छोटं चित्र होतं, त्याला बोट लावून ती खोलीत शिरली.

क्रिसान्तो दिमान्दाल आधीच बसलेला होता. पन्नाशी ओलांडलेला, केस पाणी लावून बसवलेले, अंगात ढगळ कोट. ती आत आली तरी तो उठला नाही, नुसती मान झुकवली. डावा हात टेबलावर. उजवा टेबलाखाली.

पेर्लिताला मांडीवर फोन ठेवणारा तो दुसरा आठवला.

"रियादला होता ना तुम्ही, सर?"

"हो... मॅम. बँकेत. बरीच... वर्षं."

"रेक्सच्या पहिल्या ओळीत काय लिहायचं?"

हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारायची. पहिल्या ओळीत भाषेचं नाव घातलं नाही, तर मेनफ्रेमला वाटतं ही दुसरी, तिच्याहून जुनी भाषा आहे, आणि सगळा घोळ होतो. खरे-खोटे सगळेच याचं बरोबर उत्तर देतात. त्यानेही दिलं, थांबत थांबत. मग तिने खरा प्रश्न काढला, गेल्या वर्षी जो तिने विचारायला हवा होता.

"प्रोग्रामला मिळालेली फाइल रिकामी निघाली. काय कराल?"

एसीची घरघर ऐकू येत होती. झारिनाने पेर्लिताकडे बघून भुवई उडवली. त्याचे ओठ हलले, पुन्हा मिटले, नजर खिडकीबाहेरच्या पुलावर जाऊन परत आली.

"आधी मोजायचं... किती ओळी आल्या. शून्य आल्या... तर पुढे जायचं नाही. थांबायचं. आणि थांबलो हे... ओरडून सांगायचं. गपचूप थांबलेला प्रोग्राम, मॅम... चोरापेक्षा वाईट."

हेच वाक्य ऐकायला पेर्लिता वर्षभर तरसली होती, आणि नेमकी त्यामुळेच तिला भीती वाटली. गेल्या वर्षीचा तो भामटाही असंच मनातलं ओळखून बोलला होता. आणि हे असं तुटक, एकेक शब्द कुणाकडून तरी घेऊन पुढे केल्यासारखं बोलणं!

"लिहून दाखवा," तिने कीबोर्ड पुढे सरकवला.

तो एका हाताने लिहू लागला. डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत. ओळ संपली की तोच हात उचलून एंटर. पुढची ओळ, पुन्हा एंटर. कोपऱ्यातल्या बटणाकडे तो फिरकलासुद्धा नाही. उजवा हात टेबलाखालीच होता, आणि खांदा मधूनमधून किंचित हलत होता. खाली तो काहीतरी धरून बसलाय, याबद्दल पेर्लिताला आता शंका उरली नाही. तिचा संताप झाला. या माणसामुळे आपली पाच घरं बसणार, आणि हा मांडीवर फोन घेऊन बसलाय!

"सर, मान जरा वळवा. कान दिसू द्या."

तो थांबला. "काय... मॅम?"

"कान, सर. दोन्ही."

त्याने मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. कानात काही नव्हतं. झारिना आपल्या वहीत बघत बसली. तिलाही ते बघवेना.

"आता दोन्ही हात टेबलावर ठेवा."

त्याचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल. डावा हात जिथे होता तिथे मुठीत वळला.

"एका हाताने... होतंय, मॅम."

"मला दोन्ही दिसायला हवेत, सर. काही नसेल तर दाखवायला काय जातंय?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने डाव्या हाताने खुर्ची मागे ढकलली.

"नको, मॅम. वेळ दिलात... आभारी आहे."

टेबलाआडच त्याने उजवा हात कोटाच्या खिशात सरकवला होता. तो निघाला, तेव्हा पेर्लिता खाली मान घालून कागदावर फुली मारत होती. टाचा बघणाऱ्या बापाची लेक, पण त्या क्षणी तिने त्याची चालही बघितली नाही.

"मी म्हटलं नव्हतं?" दार लागल्यावर झारिना म्हणाली. म्हणाली खरी, पण आवाजात आनंद नव्हता. "मग? वर काय कळवू?"

"कुणी मिळालं नाही म्हणून कळव."

"म्हणजे आपण सगळे..."

"मग काय करू? पुन्हा एक चोर आणून बसवू?" पेर्लिता खेकसली आणि लगेच ओशाळली. "सर तेओ जेवून आले की पाठव. मी खाली दोन घास खाऊन येते. उपाशीपोटी नोकरी घालवायची माझी तयारी नाही."

तळमजल्यावरच्या खाणावळीत पातेल्यांकडे बोट दाखवून वाढून घ्यायचं असतं. शुक्रवारची गर्दी ओसंडत होती. पेर्लिताने परतलेल्या शेवयांचं पानसित घेतलं, वर लिंबू पिळलं आणि ताट घेऊन जागा शोधू लागली. कोपऱ्यातल्या टेबलावरून एक गोल चेहऱ्याची बाई जोरजोरात हात हलवत होती.

"या मॅम, जेवायला या! इथे जागा आहे!"

जेवणाऱ्याने बोलवायचं आणि बोलावल्यावर तोंड फिरवायचं नाही, हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. पेर्लिता गेली, ताट टेकवलं, आणि समोर बघितलं तर तो ढगळ कोट. क्रिसान्तोच्या हातातला चमचा वाटेतच थांबला.

बाईने तेवढ्यात पेर्लिताच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं होतं. "नाकू! तुम्हीच का मॅम पेर्ली? मी लिगाया, यांची बायको. आत्ताच सांगत होते, मॅम फार चांगल्या आहेत म्हणून. खूप हसलात म्हणे, काम आवडलं म्हणालात, सोमवारी कळवणार. खरं ना?"

क्रिसान्तो नुसता पेर्लिताकडे बघत होता. वर खोलीत त्याने एकदाही असं बघितलं नव्हतं. पेर्लिताला त्या नजरेचा अर्थ कळायला वेळ लागला नाही: मला काय म्हणायचं ते म्हणा, हिच्यासमोर म्हणू नका.

"बोलणं झालं आमचं," पेर्लिता कशीबशी म्हणाली.

"बसा ना, उभ्या काय! हे घरचं अदोबो घ्या. पपईचं लोणचं पण आहे, माझ्या हातचं." लिगायाने सिरक्यात शिजवलेल्या मांसाचा डबा पुढे केला. मग बोलता बोलता तिने नवऱ्याच्या ताटातला मांसाचा तुकडा ओढून घेतला, त्याचे बारीक तुकडे केले आणि ताट परत सरकवलं. जिला रोजची सवय आहे तिच्या हाताने, न बघता.

पेर्लिता बघत राहिली. क्रिसान्तोचा चमचा डाव्या हातात होता. काटा ताटाशेजारी तसाच कोरडा पडला होता. चमचा उजव्यात आणि काटा डाव्यात, हे इथलं तीन वर्षांचं पोरही चुकत नाही.

"रोज सकाळी मुलीच्या लॅपटॉपवर बसतात हो," लिगायाचं चालूच होतं. "नातवंडं उठायच्या आत. म्हटलं अहो, डाव्या..."

"लिगाया!"

"बरं बाबा, नाही बोलत. बोलायची चोरी!"

पेर्लिताने चमचा ताटात ठेवला. तिला एकेक करून सगळं दिसू लागलं. मधली दोन वर्षं. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसासारखे अडखळत येणारे शब्द. डाव्या हाताने गिरवलेली अक्षरं, आणि जिच्यावर तो कोपरा धड नसतोच अशा लॅपटॉपवर शिकलेला एंटर. टेबलाखाली फोन नव्हता. हा माणूस आपला मेलेला हात मांडीवर घेऊन बसला होता, आणि आपण त्याचे कान तपासले. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर म्हणवून घेणं त्याला परवडलं, पण तो हात टेबलावर ठेवणं नाही.

पण लाज वेगळी आणि खात्री वेगळी. तीस वर्षं माणसं पारखलेली बाई ती, मनाला लगाम घालून बसली. हात गेलेला माणूस खोटा असू शकत नाही, असं थोडंच आहे? दया आली म्हणून माणूस घेतला आणि उद्या पुन्हा कुणी म्हातारी फोनवर रडली तर? हातातल्या घड्याळात तिने बघितलं. सर तेओंचं जेवण कधीही लांबत नसे.

"कुया सान्तो," ती म्हणाली. मघापासूनचं सर गळून पडलं आणि घरचा थोरला भाऊ असल्यासारखा कुया कुठून आला, हे तिचं तिलाही कळलं नाही. "मघाशी लिहिता लिहिता राहिलं तुमचं. पुढे काय लिहिणार होता?"

"अगंबाई, मुलाखत चालूच आहे का अजून?" लिगाया म्हणाली.

क्रिसान्तोने चमचा खाली ठेवला. मग त्याने डाव्या हाताने आपलं उजवं मनगट धरलं, हात मांडीवरून उचलला आणि ताटांच्या मध्ये, मेणकापडावर आणून ठेवला. बोटं आत वळलेली होती. भांड्यांतली एक वाटी त्याला लागून कलंडली, ती कुणी उचलली नाही.

"मॅम म्हणाल्या होत्या... दोन्ही हात टेबलावर."

लिगायाने आधी हाताकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग पेर्लिताकडे. वर काय झालं असेल ते तिला कळलं. "म्हणजे तुम्ही दाखवलाच नाहीत?" तिचा आवाज एकदम लहान झाला. "मला म्हणालात, मॅम हसल्या म्हणून."

"दात घासत होतो, मॅम," तो पेर्लिताला म्हणाला. "ब्रश खाली पडला. उचलायला गेलो तर... हातच नाही. पुढे जिथे जिथे हात दाखवला... तिथे तिथे म्हणाले, कळवतो." त्याने श्वास घेतला. "असो. पुढचं सांगतो."

आणि तो सांगू लागला. "फाइल उघडायची." थांबला. "सगळ्या ओळी आत घ्यायच्या." थांबला. "किती आल्या, बघायचं." शब्द अडखळत येत होते, पण क्रम अडखळत नव्हता. पेर्लिता सवयीने खाली बघत होती, आणि ती एकदम पुढे वाकली.

तो वळलेला हात निश्चल होता. चार बोटं लाकडासारखी. पण वाक्य संपलं की करंगळी हलत होती. थोडीशी. मेणकापडावर खाली, उजवीकडे, एकदा टेकायची आणि उठायची. "शून्य असतील तर निरोप लिहायचा." करंगळी टेकली. "मोठ्या चुकीचा आकडा देऊन बाहेर पडायचं." करंगळी टेकली. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. हात मेला होता, बाकीची बोटं गेली होती, आणि ती एकटी तिथे कोपऱ्यात बसून प्रत्येक ओळ पाठवत होती.

मघाशी टेबलाखाली खांदा का हलत होता, ते पेर्लिताला आत्ता कळलं.

ती ताडकन उठली. "कुया, हाताचं मी वर सांगू? सांगितल्याशिवाय जमायचं नाही, आणि तुम्ही नको म्हणालात तर सांगणार नाही."

त्याने बायकोकडे बघितलं. लिगायाने डोळे पुसले आणि मान हलवली. त्यानेही हलवली.

"माझं ताट झाकून ठेवा. आलेच."

लिफ्ट आधीच हळू, त्यात मजल्यामजल्यावर थांबत गेली. पेर्लिताने आतल्या लोकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि लगेच सान्तो निन्योची माफी मागितली. ती धापा टाकत पोचली तेव्हा झारिनाच्या टेबलाशी सर तेओ उभे होते, दातात काडी घालून.

"पाठवलंस?"

"पाठवतच होते," झारिना म्हणाली.

"नको पाठवू! माणूस मिळाला."

सर तेओंनी काडी काढली. "आत्ता ही सांगत होती की तुम्ही फुली मारलीत. तुमच्याच कसोटीत नापास झाला ना तो?"

"कसोटी बरोबर होती, सर. मी भलताच हात बघत बसले होते." मग तिने सगळं सांगितलं, पडलेला ब्रश, झाकलेला हात, मेणकापड. झारिनाने मध्येच तोंडावर हात घेतला. कान तपासतानाचा तो चेहरा तिलाही आठवला असणार.

सर तेओ ऐकून घेत होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर तोंड दाखवायचं होतं. "वैद्यकीय तपासणीत अडकेल, मॅम पेर्ली. डॉक्टर विचारील, हात कुठाय?"

"डॉक्टरला म्हणावं, हात मी मागितलाच नव्हता. डोकं मागितलंय. हवं तर तपासणीला मी बरोबर जाते."

"आणि हाही खोटा निघाला तर?"

"तर माझी खुर्ची. तुमचेच शब्द." बोलताना तिचा आवाज कापला आणि तो कापलेला सगळ्यांना ऐकू गेला. ती काही शूर बाई नव्हती. रिकामं घर आणि शेजारणीकडे रमणारं मांजर तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण तिने मघाची फुली खोडली, शेजारी सही केली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. सर तेओंनी तो बराच वेळ वाचल्यासारखं केलं. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग त्यांनी झारिनाकडे पेन मागितलं.

खाली गर्दी पांगली होती. पेर्लिताच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं आणि कलंडलेली वाटी कुणीतरी सरळ केली होती. नवराबायको एकमेकांशी न बोलता बसले होते. उजवा हात अजून टेबलावरच होता.

पेर्लिता समोर बसली. "सोमवारी या, कुया. 'पाठव'चं बटण डाव्या कोपऱ्यात बसवून ठेवते. यंत्राला काय, सांगू तिथे बसतं."

लिगायाने झाकलेलं ताट उघडून पेर्लिताकडे सरकवलं. क्रिसान्तोचे ओठ हलले. शब्द कुठेतरी वाटेत अडकला होता, येईना, आणि या वेळी कुणालाच घाई नव्हती. मेणकापडावर करंगळी टेकली असेलही. पेर्लिताने बघितलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.